पट्टीची चाचणी

सरकारी कचेरीच्या समोर, एका जिन्याखालच्या खोबणीत झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं म्हणायला. एक मशीन, दोन स्टुलं, कागदांची मांडणी आणि उरलेल्या जागेत मालकीणबाई. तिला पाय पसरायचे असले तर गिऱ्हाइकाला बाहेर जावं लागायचं. लोक तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे झेरॉक्सवाली. कचेरीत ज्याचं काम असेल त्याला बाईंच्या पायरीशी आल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण खिडकीवरचा माणूस कुठल्याही कागदाच्या तीन प्रती हातात पडल्याशिवाय मान वर करत नसे.

पण बाईंचं नाव झालं होतं ते फॉर्ममुळे. बाईंच्या नजरेखालून गेलेला फॉर्म परत येत नाही, असं कचेरीतले शिपाईसुद्धा सांगायचे. तिचे नियम ठरलेले होते. रकाना मोकळा ठेवायचा नाही. खाडाखोड करायची नाही. आणि जिथे हो की नाही असं विचारलंय तिथे, अगदीच अंगाशी येणार नसेल तर, हो लिहायचं. "फॉर्मला नाही आवडत नाही," ती सांगायची. "एकदा नाही लिहिलंत की ते त्या नाहीचा दाखला मागतात. मग बसा हेलपाटे घालत." पंधरा वर्षं लोकांचे कागद बघून आलेलं शहाणपण होतं ते, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं.

मशीनच्या टेबलाखाली तिची मुलगी बसायची. साडेपाच वर्षांची. बिघडलेल्या प्रतींचा गठ्ठा पुढ्यात घ्यायची आणि एकेक कागद फाडून त्याच्या पट्ट्या करायची. कात्री नाही, काही नाही, नुसत्या बोटांनी. पण दोन पट्ट्या एकावर एक ठेवून बघा, सूतभर फरक सापडायचा नाही. शेजारी रबरी शिक्के बनवणारे एक काका होते, त्यांनी तिचं नाव पट्टी ठेवलं आणि तेच रूढ झालं. कागदोपत्री चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली काय आणि भिंतीला हाक मारली काय, सारखंच.

पट्टी बोलत नव्हती. कुणाकडे बघत नव्हती. मशीन सुरू झालं की त्याच्या घरघरीत आपला सूर मिसळायची, तेवढाच तिचा आवाज. कागदाचा खोका रोजच्या जागेवरून हात-दीड हात सरकला तर मात्र अशी किंचाळायची की समोरच्या कचेरीतली माणसं खिडकीत यायची. बालवाडीच्या बाईंनी नऊ दिवस ठेवून घेतलं आणि दहाव्या दिवशी दप्तरासकट परत केलं. "हिला आधी कुठेतरी दाखवून आणा," म्हणाल्या. कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. शिक्केवाले काका म्हणाले, उगाच घाबरता, माझा भाचा चार वर्षं मुका होता, आता वकील झालाय, न्यायाधीश त्याला गप्प बसा म्हणून थकलेत.

नवरा ट्रकवर होता. लांबच्या फेऱ्या, तीन महिन्यांतून एकदा घर. दर रविवारी फोन करायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला: "बोलली का?" ती म्हणायची, अजून नाही. मग बोलेल बोलेल असं म्हणून तो टायरविषयी, रस्त्यांविषयी बोलायचा. गेल्या वर्षापासून त्याने तो प्रश्न विचारणं सोडलं. आपल्याला हायसं वाटेल असं तिला वाटलं होतं. उलट त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. विचारणारं एकच माणूस होतं, तेही गेलं.

राहत्या इमारतीतही तसंच. पट्टीला बरोबर आणू नका, असं कुणी म्हणालं नाही. लोक चांगले होते हो. फक्त बोलावणं थांबलं. जिन्यात भेटल्या की बायका हसायच्या, पट्टीच्या डोक्यावर हात ठेवायला जायच्या, पट्टी डोकं काढून घ्यायची, आणि मग सगळ्यांनाच कुकर लावायची आठवण व्हायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बाईंच्या पायरीवर माणसांची रीघ असायची आणि त्यातला एकही माणूस तिच्याशी तिच्याबद्दल बोलायचा नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शेवटी एक चिठ्ठी दिली. मोठ्या इस्पितळात महिन्यातून एकदा बाहेरून एक डॉक्टरीणबाई येतात, त्या अशीच मुलं बघतात. अशा मुलांच्या खाजगी केंद्राचा विचार तिने एका फोनवर, फी ऐकूनच, सोडून दिला होता. इस्पितळात नाव घातलं तेव्हा आठ महिन्यांनंतरचा नंबर मिळाला. सहाव्या महिन्यात पत्र आलं. त्यात लिहिलं होतं: "आपल्या पाल्याची विकास चाचणी खालील तारखेस घेण्यात येईल. केंद्रातील जागा मर्यादित असून चाचणीनंतर निवड झालेल्या बालकांनाच प्रवेश देण्यात येईल."

आता हे पत्र ज्याने लिहिलं त्याला एकदा त्या जिन्याखाली बसवून विचारायला हवं की बाबा रे, चाचणी, निवड आणि प्रवेश हे तीन शब्द एका ओळीत टाकल्यावर जगातली कुठली आई त्याचा वेगळा अर्थ लावेल? झेरॉक्सवालीने लावला तो सरळ अर्थ होता. परीक्षा आहे. जागा थोड्या आहेत. चांगली उत्तरं देणाऱ्यांना घेतील. रविवारी तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तोही गंभीर झाला. नीट तयारी करून घे, म्हणाला.

तयारी कशाची करायची, हा प्रश्न होता, आणि तो नशिबाने सुटला. एक बाई आपल्या मुलाची इस्पितळाची फाईल घेऊन प्रती काढायला आली. त्या मुलाची चाचणी गेल्या वर्षीच झाली होती. फाईलमध्ये प्रश्नांचा छापील कागद होता. दुसऱ्याचे कागद वाचायचे नाहीत, हा बाईंचा पंधरा वर्षांचा धर्म. त्या दिवशी तिने दोन प्रती मागणाऱ्या बाईला दोन प्रती दिल्या आणि मशीनमधून निघालेली तिसरी मांडणीच्या फळीखाली सरकवली. पेपर फुटला होता.

त्यात वीस प्रश्न होते. नावाने हाक मारल्यावर मूल वळून बघते का? डोळ्यांत बघते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? आई कुठे आहे विचारल्यावर दाखवते का? असे. झेरॉक्सवालीने तो कागद चार वेळा वाचला. चारही वेळा प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं, आणि ते उत्तर फॉर्मला आवडणारं नव्हतं.

मग घोकंपट्टी सुरू झाली. दहा आठवडे हातात होते. पट्टीला जगात एका गोष्टीची ओढ होती: मशीनच्या काचेखालून सरकत जाणारा तो हिरवा उजेड. त्यासाठी ती टेबलाखालून आपणहून बाहेर यायची. आईने तेच धरलं. पट्टीला एका स्टुलावर बसवायचं, आपण समोरच्या स्टुलावर बसायचं आणि प्रश्न विचारायचा. उत्तर जमलं की कोऱ्या कागदाची कोरी प्रत. उजेड सरकायचा, पट्टी सूर लावायची. नाही जमलं तर पुन्हा. पहिले बारा दिवस पालथ्या घड्यावर पाणी. तेराव्या दिवशी नाव घेतल्यावर पट्टीची मान वळली. बाईंनी बटण दाबलं.

मग एकेक जमत गेलं. पट्टी खरोखर पट्टीची निघाली. एकदा बसलं की बसलं, पुसलं जायचं नाही. डोळ्यांत बघायचं, दोन सेकंद. बोट दाखवायचं, हात सरळ ताणून. गिऱ्हाइकं पायरीवर खोळंबायची, बाई म्हणायची, मशीन तापलंय, पाच मिनिटं थांबा.

त्या दोन सेकंदांसाठी ती दिवसभर झुरायची, हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. मुलगी उजेडासाठी बघते, आपल्यासाठी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी साडेपाच वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या डोळ्यांत बघत होतं. आणि तो चौथा प्रश्न तर ती गरजेपेक्षा फार जास्त वेळा विचारायची. आई कुठे आहे? पट्टीचा हात उठायचा आणि बोट थेट तिच्या छातीशी यायचं. दुकान बंद करताना पुन्हा एकदा. सकाळी उघडल्या उघडल्या एकदा. कुणी विचारलं असतं तर सराव म्हणाली असती. एखाद्या दिवशी त्या एका प्रश्नापायी अर्धा गठ्ठा कागद संपायचा.

अडचण एकच होती: इस्पितळात मशीन कुठून आणायचं? तिने बाजारातून किल्लीला अडकवायचा एक इवलासा टॉर्च आणला, हिरव्या उजेडाचा, मुठीत मावणारा. शेवटचे दोन आठवडे मशीनऐवजी टॉर्चवर सराव केला. बोटांच्या फटीतून क्षणभर उजेड. पट्टीला तेवढा पुरला.

तारखेच्या दिवशी दोघी उजाडतानाच निघाल्या. दोन बस बदलल्या. दुसऱ्या बसचा हॉर्न कर्कश होता; पट्टीच्या दोन्ही कानांवर हात ठेवून आई वाटभर उभी राहिली. इस्पितळाच्या बोळकांडीत भिंतीलगत लांबच लांब बाक होतं आणि त्यावर बायका बसल्या होत्या, प्रत्येकीचा एक हात आपापल्या मुलाला धरून. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. इतक्या एकट्या बायका एका बाकावर बसलेल्या तिने आजवर पाहिल्या नव्हत्या, आणि आपणही त्यांतलीच एक दिसत असू हे काही तिच्या मनात आलं नाही.

शेजारच्या बाईचा मुलगा आठेक वर्षांचा असेल. तो डोकं भिंतीवर आपटत होता. त्याची आई भिंत आणि डोकं यांच्या मध्ये आपला तळहात धरून बसली होती. तळहात लालबुंद झाला होता. झेरॉक्सवालीला वाटलं, बिचारी, हिची तयारी झालेली दिसत नाही. तिने वाकून हळूच सांगितलंसुद्धा, "ताई, आत गेलं की डोळ्यांत बघायला सांगा त्याला. तेच आधी विचारतात." त्या बाईने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि हात होता तिथेच ठेवला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. दिवसात चाळीस मुलं. खिडकीवर मिळालेला फॉर्म झेरॉक्सवालीने बाकावरच भरून आणला होता, सुवाच्य अक्षरात, वीसही हो. खोलीत लहान मुलांचं टेबल होतं. पट्टीला एका खुर्चीवर बसवलं, आईला समोरच्या, आणि डॉक्टर बाजूला कागद घेऊन बसल्या; प्रश्न आईनेच विचारायचे होते. मग वीस मिनिटं त्या टेबलापाशी जे झालं त्याला तोड नव्हती. नाव घेतलं, मान वळली. डोळ्यांत बघितलं. चेंडू कुठला, बोट गेलं. आई कुठे आहे, हात सरळ समोर. टेबलाखाली आईच्या मुठीतून उजेड लुकलुकत होता. जन्मभर कॉपी काढणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत कॉपी केली, आणि ती साधली.

"छान आहे मुलगी," डॉक्टर म्हणाल्या. थोडी अबोल आहे, बोलेल, तुम्ही मेहनत घेताय ते दिसतंय. कागदावर त्यांनी दोन ओळी लिहून शिक्का मारला. काळजीचे कारण नाही. झेरॉक्सवालीला वाटलं, आपण आता इथेच रडणार. ती कशीबशी उठली.

बाहेर खिडकीवर एक कारकून नव्या मुलांना तारखा देत होता. भिंतीवर डोकं आपटणाऱ्या मुलाची आई तिथून पिवळं कार्ड घेऊन निघाली. झेरॉक्सवालीने आपला कागद पुढे केला आणि केंद्र कधीपासून, असं विचारलं. कारकुनाने वाचलं.

"बाई, तुमची मुलगी पास झाली."

"हो. म्हणूनच विचारतेय."

"मग तिला केंद्र कशाला? ज्यांना येत नाही त्यांना घेतात इथे. शिकवायला." तो खवचट माणूस नव्हता, तिचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला. "चांगली गोष्ट आहे हो. घरी जा. पुन्हा नाव घालायचंच म्हटलं तर वर्षभर थांबावं लागेल."

ती बाजूला झाली. बोळकांडीच्या टोकाला पाण्याचा नळ होता, तिथे जाऊन उभी राहिली. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा. लोकांचे फॉर्म परत येऊ नयेत म्हणून पंधरा वर्षं राबली, आणि स्वतःचा फॉर्म असा भरला की कुणी शंकासुद्धा घेतली नाही.

खोटं कशाला बोला, त्या नळापाशी तिला क्षणभर बरंही वाटलं. हातात शिक्क्याचा कागद होता. काळजीचे कारण नाही. नवऱ्याला सांगता आलं असतं. जिन्यातल्या बायकांना दाखवता आला असता. शंभर प्रती काढून दारोदार वाटता आल्या असत्या, आणि कुणी खोटा म्हणालं नसतं. पट्टी तिचा पदर धरून नव्हे, पण तिच्या शेजारी उभी होती आणि नळाच्या थेंबांकडे बघत होती. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर हिला काय शिकवायचं? झेरॉक्सवालीने बराच विचार केला. तिच्याकडे काही नव्हतं. वीस प्रश्न होते, ते झाले. प्रश्नपत्रिका संपली होती.

ती परत डॉक्टरांच्या दारापाशी गेली. शिपायाने अडवलं. "फॉर्म चुकलाय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की तो बाजूला झाला.

आत जाऊन तिने मूठ उघडली आणि टॉर्च टेबलावर ठेवला.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कॉपी, मॅडम. मी कॉपी केली."

मग तिने सगळं सांगितलं. फुटलेला पेपर, दहा आठवडे, कोऱ्या कागदाच्या कोऱ्या प्रती. सांगताना तिला लाज वाटत होती, पण एवढं सलग ती कित्येक महिन्यांत कुणाशी बोलली नव्हती, त्यामुळे थांबताही येईना. डॉक्टर रागावतील म्हणून ती वाट बघत होती. त्या रागावल्या नाहीत. इथे शिकवणारी माणसं बहुतेक असंच शिकवतात, तुम्हाला हे कुणी दाखवलं, एवढंच त्यांनी विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली. मग त्यांनी नवा फॉर्म घेतला आणि प्रश्न एकेक करून पुन्हा वाचले, आणि प्रत्येकाला तिने तोंडाने उत्तर दिलं. नाही. नाही. नाही. पहिले तीन फार जड गेले. पुढचे आपोआप आले.

"आता एकदा मीच बघते," डॉक्टर म्हणाल्या. "ताई, तुम्ही दाराशी उभ्या राहा. टॉर्च असू दे इथेच."

झेरॉक्सवाली दाराशी जाऊन भिंतीला टेकली. डॉक्टर तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. पट्टी समोर होती. चार अक्षरी नाव त्यांनी तीन वेळा घेतलं. मान वळली नाही. डोळे टेबलाच्या कडेवरून हलले नाहीत. डॉक्टर लिहीत होत्या. एवढंच असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी तो चौथा, सगळ्यांत जास्त घोटलेला प्रश्न विचारला.

"आई कुठे आहे?"

पट्टीचा हात उठला. कोपरातून सरळ, शिकवला होता तसा, कुठेही कसर नाही. आणि बोट थेट डॉक्टरांच्या छातीशी जाऊन थांबलं.

पट्टी हात तसाच धरून उजेडाची वाट बघत होती.

"तिची चूक नाही," झेरॉक्सवाली दारातून म्हणाली. "मी रोज समोर बसून विचारायचे. समोर बसेल ती आई, असं शिकलीय ती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ती तुम्हाला ओळखते, त्या सावकाश म्हणाल्या, दोन बस बदलून तुमच्याबरोबर आली, दुसऱ्या कुणाबरोबर आली नसती. आई हा शब्द तेवढा तिला माहीत नाही. झेरॉक्सवालीने मान हलवली. त्यांचं म्हणणं तिला पटलं होतं. पण दहा आठवड्यांतलं ते बोट, सकाळचं, दुपारचं, दुकान बंद करतानाचं, तिच्याकडून निघून गेलं होतं, आणि ते परत देणं डॉक्टरांच्याही हातात नव्हतं. डॉक्टरांनी टॉर्च उचलून पट्टीसमोर एकदा लावला. मग कागदावर निवड लिहिलं.

खिडकीवर मघाचाच कारकून होता. त्याने जुना कागद घेतला, नवा बघितला, काही विचारलं नाही आणि पिवळं कार्ड काढलं. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दहा. मुलीचं नाव त्याने कागदावरून उतरवून घेतलं. मग खालच्या रकान्याशी पेन थांबलं.

"बरोबर कोण येणार? तुम्ही कोण हिच्या?"

"आई," ती म्हणाली.

कारकुनाने लिहून घेतलं. दाखला मागितला नाही.